कुमारी लॉटी डॉड

शाळेच्या वार्षिक क्रीडासामन्यांत मुलांच्या व मुलींच्या शर्यती निरनिराळ्या ठेवण्याचा प्रघात सर्वत्र आहे. हा प्रघात इतका अंगवळणी पडलेला आहे, कीं त्याचें कारण काय असावें, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं; आणि ज्या विद्यार्थिनी तो विचारतात, त्यांना बहुधा दोन प्रकारचीं उत्तरें मिळतात. कोणी सांगतो, कीं मुलींचें शरीर मुळांतच दुबळें. तेव्हां त्यांनीं खेळांच्या नादीं न लागावें हेंच बरें. दुसरा कोणी सांगतो, कीं मुलगे व मुली यांच्या शरीरशक्तींत भेद असा कांहीं नाहींच. जो दिसतो तो केवळ रूढीनें निर्माण केलेला आहे. हीं दोन्ही उत्तरें अर्धवट आहेत. खरें काय आहे तें समजून घेण्यास कोरड्या निबंधापेक्षां एखाद्या खेळाडू स्त्रीचें चरित्र अधिक उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून कुमारी शार्लट डॉड, ज्यांना जग लॉटी डॉड या नांवानें ओळखतें, त्यांची जीवनकथा येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

लॉटीचा जन्म ता. २४ सप्टेंबर १८७१ रोजीं इंग्लंडांतील चेशायर परगण्यांत बेबिंग्टन या गांवीं झाला. तिचे वडील जोसेफ डॉड हे लिव्हरपूल येथील कापसाचे दलाल होते. लिव्हरपूल ही त्या काळीं कापसाची फार मोठी पेठ होती. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडील कापूसही मुंबई बंदरांतून त्याच पेठेंत जात असे. या धंद्यांत डॉड कुटुंबास इतकी सुबत्ता आली होती, कीं पुढें मुलांना पोटासाठीं नोकरीचाकरी करण्याची गरज पडली नाहीं. जोसेफ डॉड १८७९ मध्यें निवर्तले. मागें आई मार्गारेट, वडील बहीण ॲनी, विल्यम व टोनी हे दोन भाऊ आणि सर्वांत धाकटी लॉटी एवढीं माणसें राहिलीं. मुलांचें शिक्षण घरींच खासगी शिक्षकांकडून होई.

या घराचें एक वैशिष्ट्य असें, कीं तेथें खेळ ही चैनीची किंवा चोरून करण्याची गोष्ट समजली जात नसे. घराजवळ लॉन टेनिसचीं दोन अंगणें आंखलेलीं होतीं. हा खेळ त्या वेळीं अगदीं नवा होता. विंबल्डनचे पुरुषांचे सामने १८७७ मध्यें सुरू झाले व स्त्रियांचे सामने त्यानंतर सात वर्षांनीं, १८८४ मध्यें, सुरू झाले. लॉटीनें वयाच्या नवव्या वर्षीं रॅकेट हातीं धरली. तिचे सोबती म्हणजे तिचींच भावंडें. ॲनी उत्तम टेनिस खेळे. भावांना नेमबाजीचा, म्हणजे धनुष्यबाणाचा, नाद होता. धाकटी मुलगी म्हणून तिला कोणी बाजूस बसवून ठेवलें नाहीं. मोठ्या भावंडांनीं मारलेले चेंडू परतविणें हीच तिची पहिली शाळा होय, आणि तिच्या खेळांतील जोर व निर्भयता यांचें मूळ या शाळेंतच शोधलें पाहिजे.

१८८३ मध्यें, म्हणजे अकराव्या वर्षीं, ती मँचेस्टर येथील उत्तर विभागाच्या सामन्यांत बहिणीबरोबर दुहेरी खेळली. पहिल्याच फेरींत दोघी हरल्या. परंतु हरलेल्यांसाठीं ठेवलेल्या सामन्यांत त्यांनीं बक्षीस मिळविलें. यानंतर दोन वर्षांनीं याच ठिकाणीं ती मॉड वॉटसन हिच्याशीं अंतिम सामन्यांत खेळली. मॉड वॉटसन ही विंबल्डनची पहिली स्त्री-विजेती. तिला त्या काळीं कोणी हरवूं शकत नसे. तेरा वर्षांच्या लॉटीनें तिला असें झुंजविलें, कीं वर्तमानपत्रांनीं या मुलीस छोटेंसें आश्चर्य अशा अर्थाचें टोपणनांव दिलें. पुढच्या वर्षीं, १८८६ मध्यें, बाथ येथें लॉटीनें मॉड वॉटसनला हरविलें, आणि तिच्या ५५ सामन्यांच्या अखंड विजयमालिकेचा शेवट केला.

१८८७ मध्यें लॉटी प्रथमच विंबल्डनला गेली. त्या काळच्या नियमाप्रमाणें मागील वर्षाच्या विजेत्यास आरंभीच्या फेऱ्या खेळाव्या लागत नसत. इतर सर्व खेळाडूंतून जो वर येई, त्यानें शेवटीं त्याला आव्हान द्यावयाचें असे. लॉटी सर्वांना हरवून वर आली, आणि मागील वर्षाची विजेती ब्लँश बिंग्ली हिला तिनें ६-२, ६-० असें हरविलें. त्या दिवशीं तिचें वय १५ वर्षें व २८५ दिवस होतें. विंबल्डनच्या स्त्रियांच्या एकेरी सामन्यांत तिच्याहून लहान वयाची विजेती त्यानंतर आजतागायत झालेली नाहीं. १९९६ मध्यें मार्टिना हिंगिस हिनें दुहेरींत विजय मिळविला, तेव्हां ती लॉटीपेक्षां तीन दिवसांनीं लहान होती. परंतु एकेरीचा मान लॉटीकडेच राहिला.

या विजयाचा विचार करतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे, आणि ती म्हणजे पोशाख. त्या काळच्या प्रौढ इंग्रज स्त्रिया पायघोळ झगा, त्याखालीं कित्येक परकर, व कंबर आवळून बांधणारें कॉर्सेट अशा पोशाखांत टेनिस खेळत. कॉर्सेटांत देवमाशाच्या हाडाच्या किंवा धातूच्या पट्ट्या असत. त्यामुळें छाती पुरती फुगत नसे, आणि धांवणाऱ्या माणसाला पुरेल इतका श्वास घेणें अशक्य होई. झग्याचा घेर पायांत येई. तेव्हां एका हातानें तो सांवरून दुसऱ्या हातानें चेंडू मारण्याची पाळी येई. लॉटी वयानें लहान असल्यामुळें तिला शाळकरी मुलीचा पोशाख चालत असे. तिचा झगा पोटरीपर्यंतच येई व डोक्यावर साधी पांढरी टोपी असे. एवढ्या लहानशा सवलतीमुळें ती जाळ्यापाशीं धांवत येऊन चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वींच मारूं शके, आणि डोक्यावरून येणारा चेंडू जोरानें खालीं आदळूं शके. हे फटके तिच्या काळच्या स्त्रियांच्या खेळांत क्वचितच दिसत. म्हणजे प्रौढ स्त्री व मुलगी यांच्यामध्यें जें अंतर प्रेक्षकांना दिसलें, त्यांतील कांहीं भाग तरी शिंप्यानें निर्माण केलेला होता.

परंतु सर्वच अंतर शिंप्यानें निर्माण केलेलें नसतें, याचा पुरावाही लॉटीच्याच चरित्रांत सांपडतो. १८८८ मध्यें तिनें ब्लँश हिला (ती आतां विवाहानंतर मिसेस हिलयर्ड झाली होती) ६-३, ६-३ असें हरवून विंबल्डनचें पद राखिलें. त्याच वर्षीं पुरुषांच्या एकेरींत अर्नेस्ट रेनशॉ हे विजयी झाले होते. त्या उन्हाळ्यांत एक्समथ या समुद्रकांठच्या गांवीं या दोघांचा एक प्रदर्शनीय सामना ठरला. रेनशॉ २७ वर्षांचे, लॉटी १६ वर्षांची. रेनशॉ यांनीं लॉटीला प्रत्येक गेममध्यें ३० ची सवलत द्यावयाची, म्हणजे प्रत्येक गेमच्या आरंभींच तिच्या पदरांत दोन गुण टाकावयाचे, असें ठरलें. पहिला सेट लॉटीनें ६-२ असा जिंकला. प्रेक्षकांना मोठें कौतुक वाटलें. पुढचे दोन्ही सेट मात्र रेनशॉ यांनीं ७-५, ७-५ असे जिंकून सामना आपल्याकडे घेतला.

गणिताची आवड असणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या आंकड्यांकडे थोडें बारकाईनें पाहावें. तिन्ही सेट मिळून रेनशॉ यांचे गेम २, ७ व ७, म्हणजे १६. लॉटीचे ६, ५ व ५, म्हणजेही १६. सवलत इतकी बरोबर मोजलेली होती, कीं दोघांचे गेम समसमान भरले. आतां ज्या खेळाडूनें प्रत्येक गेममध्यें दोन गुण आधींच देऊन टाकलेले आहेत, त्यास अर्धे गेम जिंकावयाचे असतील, तर प्रत्यक्ष खेळांत दर तीन गुणांपैकीं सुमारें दोन त्यानें मिळविले पाहिजेत. संभवांचें गणित करून हें कोणालाही पडताळतां येईल. तेव्हां या सामन्यांतून निघणारा निष्कर्ष दुहेरी आहे. इंग्लंडांतील सर्वोत्तम स्त्री-खेळाडूस सर्वोत्तम पुरुष-खेळाडूशीं बरोबरीच्या अटींवर सामना जिंकणें शक्य नव्हतें, हें एक. आणि सोळा वर्षांची मुलगी त्या पुरुषाकडून दर तीन गुणांतील एक गुण आपल्या कौशल्यानें मिळवीत होती, हें दुसरें. पहिलें सत्य सांगणारे पुष्कळ असतात. दुसरें सांगावयाचें बहुधा राहून जातें.

आतां हा भेद शरीरांत कोठून येतो, याचें आजच्या शास्त्रानें दिलेलें उत्तर येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगे व मुली यांच्या धांवण्या-पोहण्यांतील अंतर फार थोडें असतें. किंबहुना मुलींची वाढ मुलांपेक्षां सुमारें दोन वर्षें आधीं जोर धरीत असल्यामुळें अकराव्या-बाराव्या वर्षीं वर्गांतील कित्येक मुली मुलांहून उंच दिसतात. बारा-तेरा वर्षांनंतर मात्र मुलांच्या शरीरांत टेस्टोस्टेरोन नांवाचा स्राव पुष्कळ पटींनीं वाढूं लागतो. त्यामुळें स्नायू भरतात, हाडें लांब व जाड होतात, हृदय व फुप्फुसें मोठीं होतात, आणि रक्तांतील प्राणवायु वाहून नेणारें तांबडें द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, वाढतें. प्रौढ पुरुषाच्या रक्तांत तें स्त्रीच्या मानानें सुमारें बारा टक्के अधिक असतें. याच वयांत मुलीचें शरीर पुढील आयुष्यांतील मातृत्वाची तयारी करीत असतें. कटिभाग रुंद होतो व अंगीं मेदाचा अंश वाढतो. परिणामीं सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत धांवण्यांत सुमारें दहा-बारा टक्के, उडींत त्याहून अधिक, आणि दंड व खांदे यांच्या बळांत सर्वांत अधिक, असें अंतर पडतें.

जगांतील श्रेष्ठ खेळाडूंचे उच्चांक ताडून पाहिले, तरी हेंच दिसतें. शंभर मीटर धांवण्यास उसेन बोल्ट यांना २००९ मध्यें ९.५८ सेकंद लागले, आणि फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनर यांना १९८८ मध्यें १०.४९ सेकंद लागले. म्हणजे स्त्रीस सुमारें साडेनऊ टक्के वेळ अधिक लागला. लांब उडींत माइक पॉवेल यांनीं १९९१ मध्यें ८.९५ मीटर, तर गालिना चिस्त्याकोवा यांनीं १९८८ मध्यें ७.५२ मीटर अंतर तोडलें. येथें पुरुषाची उडी सुमारें एकोणीस टक्के अधिक भरली. मुलांच्या व मुलींच्या शर्यती निराळ्या ठेवण्याचें खरें कारण हें होय. तो मुलींचा अपमान नाहीं. उलट, त्यांच्या परिश्रमाला न्याय मिळावा म्हणून केलेली ती व्यवस्था आहे. ती नसती, तर लॉटी डॉड हें नांव विंबल्डनच्या विजेत्यांच्या यादींत कधींच चढलें नसतें.

तथापि हे आंकडे श्रेष्ठ पुरुष व श्रेष्ठ स्त्री यांच्या तुलनेचे आहेत, हें विसरतां कामा नये. नियमानें सराव करणारी मुलगी आळशी मुलास सहज मागें टाकते. १९२६ मध्यें गर्ट्रूड एडर्ले या वीस वर्षांच्या अमेरिकन तरुणीनें इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हां तोंपर्यंतच्या सर्व पुरुषांच्या उच्चांकांपेक्षां तिला सुमारें दोन तास कमी लागले होते.

पुन्हां लॉटीच्या चरित्राकडे वळूं. १८८९ मध्यें ती विंबल्डनला गेलीच नाहीं. त्या वेळीं ती भावंडें-मित्रमंडळींसह स्कॉटलंडच्या किनाऱ्यानें नौकाविहार करीत होती. १८९० मध्येंही ती खेळली नाहीं. १८९१ मध्यें परत येऊन तिनें तें पद पुन्हां मिळविलें, आणि १८९२ व १८९३ या दोन्ही वर्षीं तें राखिलें. पांचही वेळां अंतिम सामन्यांत समोर तीच प्रतिस्पर्धी, ब्लँश हिलयर्ड, होती. पांच वेळां विंबल्डनला जाऊन पांचही वेळां जिंकणें व तेथें एकेरींत एकदांही न हरणें, असा हा विलक्षण इतिहास आहे. १८९३ चा सामना मात्र सोपा नव्हता. पहिला सेट ६-८ असा गमावून मग तिनें ६-१, ६-४ असे पुढचे दोन जिंकले. दुहेरी सामन्यांत हर्बर्ट बॅडली यांना जोडीस घेऊन तिनें एकदां अर्नेस्ट रेनशॉ व जॉर्ज हिलयर्ड या दोघां नामांकित पुरुषांचाही पराभव केला होता.

१८९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या टेनिसविषयक एका मोठ्या ग्रंथांत स्त्रियांच्या खेळावरील प्रकरण लॉटीनें लिहिलें. स्त्रियांनीं चेंडूमागें नाजूकपणें चालत न जातां मनापासून धांवावें, आणि खेळाला साजेसा पोशाख वापरावा, असा तिचा आग्रह असे. तरीही ती अंधपणें पुरुषांचें अनुकरण करणारी नव्हती. चेंडूचा आरंभ ती खालच्या हातानेंच करी. डोक्यावरून मारण्यांत स्त्रियांना श्रमाच्या मानानें लाभ थोडा, असें तिचें मत होतें. पुढें हें मत काळानें खोटें ठरविलें. आज सर्व मुली वरच्या हातानेंच आरंभ करतात. आपल्या काळांतील सर्वांत धीट स्त्री-खेळाडूसही शरीराची मर्यादा कोणती व सवयीची कोणती, हें सर्वस्वीं ओळखतां आलें नाहीं, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

एकविसाव्या वर्षीं विंबल्डनचें पांचवें पद मिळविल्यावर त्यांनीं टेनिसचे मोठे सामने सोडून दिले. (येथून पुढें त्यांचा उल्लेख बाई म्हणूनच करणें उचित होय.) सामान्य खेळाडू अशा वेळीं मिळालेल्या कीर्तीवर आयुष्य काढतो, डॉडबाई नव्या खेळांत उमेदवारी करूं लागल्या. १८९५ मध्यें भाऊ टोनी यांच्याबरोबर त्या स्वित्झर्लंडांतील सेंट मॉरिट्झ येथें गेल्या. तेथें बर्फावरील स्केटिंगची स्त्रियांची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, आणि पुढें पुरुषांसाठीं ठेवलेली कठीण परीक्षाही त्यांनीं दिली; ती उत्तीर्ण होणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री होत. ज्या परीक्षेंत बळापेक्षां तोल, ताल व आकृतीचा रेखीवपणा पाहिला जातो, तेथें स्त्रीला सवलतीची गरज पडली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. बर्फावरून घसरगाडीनें वेगानें खालीं येणें, आणि ४००० मीटरांहून उंच असलेलीं हिमशिखरें चढणें, हेही उद्योग त्यांनीं त्या मुक्कामांत केले.

१८९७ मध्यें त्यांनीं आपल्या घराजवळ स्पिटल येथें स्त्रियांचा हॉकीचा संघ काढण्यांत पुढाकार घेतला. दोन वर्षांत त्या इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांत आल्या, आणि १८९९ मध्यें आयर्लंडविरुद्ध खेळल्या. १९०० मधील आयर्लंडविरुद्धच्या सामन्यांत इंग्लंडनें २-१ असा विजय मिळविला. ते दोन्ही गोल डॉडबाईंचे होते. १९०१ मध्यें त्यांच्या मातोश्री वारल्या, आणि त्यानंतर त्या राष्ट्रीय संघांतून खेळल्या नाहींत.

गोल्फ हा खेळ त्यांना सहजासहजीं वश झाला नाहीं. १८९८ व १९०० या वर्षीं स्त्रियांच्या ब्रिटिश सामन्यांत त्या उपान्त्य फेरीपर्यंत पोंचून मागें फिरल्या. अखेर १९०४ मध्यें स्कॉटलंडांतील ट्रून येथें त्यांची गांठ मे हेझलेट हिच्याशीं पडली. या हेझलेटनें १८९९ मध्यें अवघ्या सतराव्या वर्षीं हेंच पद मिळविलें होतें, व १९०२ मध्यें पुन्हां. अंतिम सामना शेवटच्या, म्हणजे अठराव्या, खळग्यापर्यंत गेला, आणि केवळ एका खळग्याच्या फरकानें डॉडबाई जिंकल्या. त्यांचें वय तेव्हां ३२ वर्षांचें होतें. टेनिस व गोल्फ या दोन्ही खेळांतील ब्रिटिश अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

यानंतर भावंडांसह त्या न्यूबरी येथें राहावयास गेल्या व धनुर्विद्येकडे वळल्या. १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत सुमारें दोन हजार खेळाडू आले होते. त्यांत स्त्रिया फक्त ३७. त्यांपैकीं २५ जणी धनुर्धर होत्या. या खेळांतही शरीरभेदाचा विचार नियमांत केलेला दिसतो : पुरुषांनीं १००, ८० व ६० यार्डांवरून बाण सोडावयाचे, आणि स्त्रियांनीं ६० व ५० यार्डांवरून. अंतर कमी झालें म्हणून कौशल्य कमी लागतें असें नाहीं. फक्त दंडाच्या जोराची अट सैल होते. पहिल्या दिवशीं डॉडबाई सर्वांच्या पुढें होत्या. दुसऱ्या दिवशीं ५३ वर्षांच्या क्वीनी न्यूऑल यांनीं त्यांना मागें टाकलें. न्यूऑल यांचे गुण ६८८ झाले, डॉडबाईंचे ६४२. डॉडबाईंना रौप्यपदक मिळालें. आणि पुरुषांच्या धनुर्विद्येंत त्यांचे बंधु विल्यम यांना सुवर्णपदक मिळालें. ज्या अंगणांत चार भावंडें एकत्र खेळलीं, त्या अंगणाचें हें फळ म्हणावयाचें.

पहिलें महायुद्ध सुरू झालें, तेव्हां विल्यम सैन्यांत गेले, आणि डॉडबाईंनीं रेडक्रॉसच्या सेवेंत नांव घातलें. रणभूमीजवळ जाऊन शुश्रूषा करण्याची त्यांची फार इच्छा होती; परंतु पायाची शीर दुखण्याचा जुना विकार, ज्याला डॉक्टर सायटिका म्हणतात, आड आला. तेव्हां मायदेशांतीलच लष्करी रुग्णालयांत त्यांनीं जखमी शिपायांची सेवा केली, आणि एक हजार तासांहून अधिक सेवेबद्दल त्यांना पदक देण्यांत आलें. ज्या शरीरानें पूर्वीं इतके विजय मिळविले, त्यानें ऐन वेळीं नकार दिला असतांही त्यांनीं जमेल तें काम आनंदानें पत्करलें, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष कोणत्याही पदकाहून मोठा आहे.

डॉडबाईंनीं विवाह केला नाहीं. त्यांना संगीताची गोडी होती. खर्जाकडे झुकणाऱ्या आपल्या आवाजानें त्या लंडनमधील एका गायकसंघांत गात असत. प्रतिवर्षीं विंबल्डनचे सामने पाहावयास जाण्याचा त्यांचा नेम उतारवयांतही चालू होता. १९३४ मध्यें त्याच विंबल्डनवर आपल्या मुंबईच्या कुमारी लीला राव यांनीं स्त्रियांच्या एकेरींतील पहिल्या फेरीचा सामना जिंकला. तेथें सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. संस्कृत ग्रंथकर्त्या पंडिता क्षमा राव यांच्या त्या कन्या. पन्नास वर्षांपूर्वीं चेशायरमधील एका मुलीनें जी वाट धीटपणें तुडविली, ती वाट आतां दूरदेशींच्या मुलींनाही मोकळी झाली होती.

१९५४ मध्यें बंधु विल्यम वारल्यावर डॉडबाई शुश्रूषागृहांत राहूं लागल्या. ता. २७ जून १९६० रोजीं, विंबल्डनचे सामने चालू असतां, अंथरुणावर पडल्या पडल्या रेडिओवर त्यांचें वर्णन ऐकतांना त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ८८ वर्षांचें होतें.

या चरित्रापासून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? डॉडबाईंना श्रीमंत घर, मोकळा वेळ व प्रोत्साहन देणारीं भावंडें लाभलीं, हें खरें. तें भाग्य सर्वांना मिळत नाहीं. परंतु त्यांच्या आयुष्यांतून एक विवेक मात्र कोणालाही घेतां येण्यासारखा आहे. मुलगी मागें पडली, म्हणजे तिला कोणत्या गोष्टीनें मागें ठेवलें, हें शांतपणें शोधावें. तो निसर्गाचा भेद असेल, तर त्याची लाज वाटण्याचें कारण नाहीं; त्यासाठीं निराळी शर्यत आहे, आणि त्या शर्यतींतील पहिला क्रमांक हा संपूर्ण पहिला क्रमांकच होय. तो पोशाखाचा, सरावाच्या अभावाचा किंवा अन्नाचा दोष असेल, तर मात्र तो दूर केला पाहिजे.

हें सांगण्याचें कारण असें, कीं पुष्कळ मुली तेराव्या-चौदाव्या वर्षीं, म्हणजे नेमक्या ज्या वयांत लॉटी मॉड वॉटसनशीं झुंजत होती त्या वयांत, मैदान सोडून देतात. कालपर्यंत ज्या मुलांना आपण धांवण्यांत हरवीत होतों, ते आज पुढें जातात, हें पाहून त्यांचें मन खचतें. आणि घरची माणसेंही आतां खेळ पुरे असें सांगूं लागतात. या मुलींना कोणी समजावून सांगितलें पाहिजे, कीं तुमचें शरीर बिघडलें नाहीं. तें आपल्या मार्गानें वाढत आहे. या वयांत मासिक धर्मामुळें रक्तांतील लोह कमी होण्याचा संभव असतो. म्हणून पालेभाज्या, कडधान्यें, नाचणी, गूळ, आणि जे खातात त्यांनीं मासे-मांस, असें सकस अन्न घ्यावें, व थकवा फार वाटल्यास वैद्याकडून रक्त तपासून घ्यावें. उड्या मारणें व एकदम वळणें ज्या खेळांत असतें, तेथें मुलींच्या गुडघ्याचे बंध तुटण्याची भीति मुलांपेक्षां दुपटीहून अधिक असते. तेव्हां मांड्यांचें बळ वाढविणारा व्यायाम आणि गुडघे वांकवून उतरण्याची संवय त्यांनीं आधीं करावी.

मुलांनींही या कथेंतून कांहीं शिकावें. अर्नेस्ट रेनशॉ यांनीं सोळा वर्षांच्या मुलीस सवलत दिली, आणि मग तिच्याशीं मन लावून खेळले. पहिला सेट गमावला म्हणून रागावले नाहींत, व तिला खूष करण्यासाठीं मुद्दाम हरलेही नाहींत. प्रतिस्पर्ध्याचा खरा मान राखण्याची रीति हीच होय. आपल्या बहिणींना अंगणांत खेळावयास घेणारे भाऊ ज्या घरांत असतील, त्या घरांतून पुढची लॉटी डॉड निघणें अशक्य नाहीं.